दिवसाला चार बोटं

मोहोपाडा, ता. खालापूर
२० जानेवारी १९८५

चारुलताबाई यांस,
सप्रेम जयभीम.

मी श्रीपत ओव्हाळ, भिसेगावचा. कर्जतच्या शाळेत अकरावीपर्यंत तुमच्याबरोबर एका वर्गात होतो. एवढ्यावरून ओळख पटली नाही तर कोंढाण्याच्या लेण्यांच्या सहलीत ज्याची एक चप्पल ओढ्यातून वाहून गेली आणि जो दुसरी हातात घेऊन घरी आला, तो मी. आता रसायनीला एका कारखान्यात ऑपरेटर आहे आणि मोहोपाड्याला क्वार्टर मिळाली आहे. तुमचा पत्ता नानांनी दिला. बाजारात भेटले तेव्हा अभिमानाने सांगत होते, आमची चारू डेहराडूनला आकाशातून बर्फाची चाल मोजते. ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

माझा थोरला भाऊ काळूराम तुम्हाला आठवणार नाही. घाटात मोजणीची पार्टी आली होती, तिच्यात तो खांब आणि साखळ्या उचलायला लागला. साहेबांना माणूस आवडला, त्यांनी उत्तरेकडे बरोबर नेला. सदुसष्ट साली गढवालात बर्फावर चालताना तो भेगेत पडला. दोर सोडून पाहिले, हाका मारल्या, काही हाती लागलं नाही. ऑफिसचं पत्र इंग्रजीत आलं. आमच्या आळीत तेव्हा इंग्रजी वाचणारे एकटे मालोजीमामा. त्यांनी आईला सांगितलं, खलाशी काळूराम हिमनदीत पडून बेपत्ता झाला. त्यांचं काही चुकलं नाही, मोजणीखात्यात सामान उचलणाऱ्याला खलाशीच म्हणतात. पण आपल्याकडे खलाशी म्हटलं की बोट, आणि नदी म्हटलं की पाणी. बर्फ तेवढा गळून गेला.

आईचं म्हणणं त्या दिवसापासून एकच आहे. उल्हास नदीत बुडलेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतो. माझा वर आला नाय, म्हंजे तो बुडलाच नाय. त्यात एकाने त्याला भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरताना पाहिल्याची थाप ठोकली. आम्ही पुष्कळ समजावलं की ते पाणी नव्हे, बर्फ आहे. ती म्हणते, बर्फाचं शेवटी काय होतं रं? पानीच की.

सात वर्षांनी सरकारने त्याला मेलेला धरलं. आईने धरलं नाही.

आता काळूरामच्या मुलीचं, शकूचं लग्न ठरलंय. तो गेला तेव्हा ती पाळण्यात होती. मुलगा खोपोलीचा आहे, एस.टी.त कंडक्टर. तारीख १२ मे. आणि गाडं अडलंय पत्रिकेवर. शकूच्या बापाच्या नावामागे काय छापायचं? तुमच्यात कैलासवासी लिहितात, आमच्यात आता कालकथित लिहितात. वहिनी, म्हणजे भीमाबाई, म्हणते कालकथितच छापा. आई म्हणते श्री. छापा, दुसरं काही छापलंत तर मी मांडवात पाय ठेवणार नाही. शकूला आजी मांडवात हवी. आजीनेच तिला वाढवलं, वहिनी तर दिवसभर मोलमजुरीला बाहेर.

तुम्ही बर्फाची चाल मोजता. मग त्या बर्फातला माणूस कुठवर आला आणि बाहेर कधी येणार, हे सांगता येईल का? आई माझं ऐकत नाही. नानांच्या शिकलेल्या मुलीचं ऐकेल असं वाटतं.

आपला,
श्रीपत

---

डेहराडून
३ फेब्रुवारी १९८५

प्रिय श्रीपत,
जयभीम आणि नमस्कार.

आधी ते 'तुम्ही' आणि 'बाई' खोडून टाक. माझ्या वेणीला खडू फासताना 'तुम्ही' म्हणाला होतास का? चप्पल आठवते. तुझी एक गेली म्हणून सगळा वर्ग हसत होता, मीही हसले होते. अनवाणी घरी जाणं म्हणजे काय ते आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं, म्हणून हसू आलं असेल.

काळूरामचं वाचून फार वाईट वाटलं. तुझ्या घरात अठरा वर्षं हे चाललंय आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नाही. एका गावात राहून!

नाना अभिमानाने जे सांगतात त्यातलं निम्मंच खरं. मी बर्फावर कधी पाऊल ठेवलेलं नाही. इथले साहेब बाईमाणसाला वर पाठवत नाहीत. म्हणतात, मॅडम, आपके लिए चित्र ही ठीक है. मग मी खोलीत बसून चित्रं बघते. ती चित्रं रडारची असतात. रडार म्हणजे फार अवघड काही नाही. लेण्यासमोर उभं राहून आपण हाका मारत होतो आणि कड्यावरून हाक परत येत होती ना? विमानाच्या पोटाला बांधलेलं यंत्र अशीच हाक मारतं, फक्त ती रेडिओच्या लहरींची असते. परत आलेल्या हाकेवरून खालच्या जमिनीचं चित्र तयार होतं. ढग असले, अंधार असला तरी त्या हाकेला अडत नाही. तिकडे डोंगरावर सदा ढग. साध्या कॅमेऱ्याला नुसता कापूस दिसतो.

हिमनदीच्या पाठीवर घराएवढे दगड पडलेले असतात. चित्रात ते उजळ ठिपके दिसतात. पहिल्या चित्रात एखादा दगड कुठे होता आणि दोन वर्षांनी काढलेल्या चित्रात कुठे आहे, हे बाजूच्या डोंगरापासून मोजायचं. डोंगर जागचा हलत नाही, दगड हललेला असतो. तो हलतो म्हणजे त्याच्याखालचा बर्फ चालतो. एवढंच माझं काम. दिवसभर ठिपके मोजते आणि संध्याकाळी डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देता येईल, पण ती हिमनदी आमच्या चित्रांत असली तरच. ऑफिसचं पत्र अजून असेल तर त्यातलं तिचं नाव आणि जागा जशीच्या तशी उतरवून पाठव.

तुझ्या आईला, येसूमावशींना, माझा नमस्कार सांग. त्या आमच्याकडे शेंगा घेऊन यायच्या, मला आठवतं. माझी आई त्यांना ओट्यावर बसवायची, आत नाही. तेही आठवतं.

तुझी,
चारू

---

मोहोपाडा
१२ फेब्रुवारी १९८५

चारू,
जयभीम.

खोडलं बघ. हात जरा अडखळतोय, पण जमेल.

ओट्याचं लिहिलंस ते बरं केलंस. आईने तुमच्याकडे शेंगा नेणं का बंद केलं ते मला आता कळलं.

पत्रातला मजकूर सोबत उतरवला आहे. नाव इंग्रजीतच ठेवतो, मराठीत कसं म्हणायचं ठाऊक नाही. पार्टीचा मुक्काम कुठे होता आणि तिथून भेग किती वर होती तेही त्यात आहे.

इकडे आई आणि वहिनी एका चुलीवर जेवतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. वहिनी मला परवा म्हणाली, "भावजी, मी ना सवाष्ण, ना विधवा. हळदीकुंकवाला बोलवावं का नाय ते बायांना कळत नाय, मंग त्या बोलवतच नायत. पोरीच्या लग्नात तरी मी कोन हाय ते कळू दे सगळ्यांना." आईने हे आतून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "लय घाई झाली गं तुला, माझ्या पोराला मारायची." मी सायकल काढली आणि सरळ मोहोपाड्याला आलो. दोघींच्या मध्ये उभं राहायचं माझ्याने होत नाही.

शक्य तितक्या लवकर कळव. छापखानेवाले विष्णूशेठ म्हणतात, उन्हाळ्यात लग्नपत्रिकांची रांग लागते, मजकूर मार्चअखेर पाहिजे.

तुझा,
श्रीपत

---

डेहराडून
१४ मार्च १९८५

प्रिय श्रीपत,

उशीर झाला, रागावू नकोस. नशीब असं की ती हिमनदी आमच्या चित्रांत आहे. ब्याऐंशी साली तिच्यावरून विमान गेलं आणि चौऱ्याऐंशीला पुन्हा गेलं. दोन्ही चित्रं मी शेजारी शेजारी मांडून नीट मोजली. एकदा मोजून विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा मोजली.

येसूमावशींना असं सांग. काळूराम कुठेही वाहून गेलेला नाही. तो त्या बर्फातच आहे, बर्फाने त्याला जपून ठेवलेलं आहे. बर्फ चालतो आहे आणि त्याच्याबरोबर तोही थोडा थोडा खाली येतो आहे. एक दिवस तो बाहेर येईल. मात्र लवकर नाही.

मला वाटतं एवढं त्यांना पुरेल. आकडे तुला हवे असतील तर पुढे कधी लिहीन. त्यांचं वय झालंय, त्यांच्यासमोर आकडे मांडून काय करायचं?

शकूला आशीर्वाद. लग्नाला यायची फार इच्छा आहे, रजा मिळते का बघते.

तुझी,
चारू

---

मोहोपाडा
२३ मार्च १९८५

चारू,

तुझं पत्र मी भिसेगावला नेऊन आईला वाचून दाखवलं. वाचता वाचताच माझ्या लक्षात आलं की चूक होतेय, पण तोवर शब्द तोंडातून गेले होते.

तुझ्या पत्रातले तीनच शब्द आईने ऐकले. जपून ठेवलाय. चालतोय. येईल. बाकीचं तिच्या कानापर्यंत पोचलं नाही. 'लवकर नाही' याच्यावर म्हणाली, "अठरा वर्सं थांबले, आजून थांबीन. मला कुठं जायचंय?" पत्र माझ्या हातातून घेतलं, पदरात बांधलं आणि सगळ्या आळीत फिरली. गौराबाईच्या दारात उभी राहून सांगत होती, "नानांची लेक येवढी शिकलेली, तिनं कागदावर लिवून दिलंय, काळू येनार हाय." कुणी मान डोलावली, कुणी तोंड फिरवलं. पोरंटोरं हसली.

संध्याकाळी तिने मला हुकूम सोडला, जा विष्णूशेठकडे आणि श्री. छापायला सांग. वहिनी चुलीपुढून उठली आणि पोरीला म्हणाली, तुझ्या लग्नात मी पाहुणीसारखी कोपऱ्यात बसेन. शकू रडून रडून झोपली. माझंही डोकं फिरलंय.

तू मायेने लिहिलंस ते कळतं मला. पण चारू, तुमच्यासारखी माणसं आमच्याशी माया करताना खरं बोलायचं तेवढं विसरतात. आई अडाणी आहे, लेकरू नाही. तिने नवरा पुरला, दोन मुलं पुरली. तिला न झेपणारं असं तुझ्याकडे काय आहे?

आता गोल गोल नको. किती वर्षं ते लिही. आणि 'मेला' हा शब्द लिही. मला नको, तिलाच लिही. मी फक्त वाचीन, मध्ये एक अक्षर घालणार नाही. विष्णूशेठकडून एप्रिलच्या मध्यापर्यंत मुदत मागून घेतली आहे.

श्रीपत

---

डेहराडून
३१ मार्च १९८५

ती. येसूमावशींना,
नमस्कार.

मी नानांची चारू. मागच्या पत्रात मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तसं केलं. त्याने उलट त्रास झाला, त्याची मला लाज वाटते. आता सगळं सांगते.

काळूराम ज्या दिवशी पडला त्याच दिवशी मेला. ती भेग फार खोल असते आणि आत इतकी थंडी असते की माणूस तिथे रात्र काढू शकत नाही. तो पोहत कुठे गेला नाही, बोटीवर चढला नाही, धक्क्यावर उतरला नाही. तिथे पाणी नव्हतंच. त्याची नोकरी खलाशाची म्हणतात, पण ती डोंगरावर मोजणीचं सामान उचलायची. बोटीशी तिचा काही संबंध नव्हता.

तुम्ही म्हणता, बुडलेला तिसऱ्या दिवशी वर येतो. ते उल्हास नदीचं खरं आहे. ही नदी बर्फाची आहे, तीही वाहते, पण फार हळू. हाताची चार बोटं जुळवून जमिनीवर ठेवा. जेवढी रुंदी होते, तेवढी ती एका दिवसात पुढे जाते. दुसऱ्या दिवशी आणखी चार बोटं. तुमचा मुलगा जिथे पडला तिथून बर्फ संपून पाणी सुरू होतं तिथपर्यंतचं अंतर कर्जत ते भिवपुरीपेक्षा थोडं कमी आहे. चार चार बोटांनी ते अंतर तोडायला दोनशे वर्षं लागतील. तेव्हा तो बाहेर येईल. मेलेलाच येईल. ते बघायला तुम्ही नसाल, मी नसेन, शकूची नातवंडंही नसतील.

हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. विमानातून काढलेल्या चित्रांवरून मोजलं आहे. पण मोजलंय मात्र नीट, तुमच्यासाठी तिसऱ्यांदा मोजलं.

पत्रिकेवर काय छापायचं ते सांगणारी मी कोण? तुमचा मुलगा, तुम्ही ठरवा.

तुमची,
चारुलता

श्रीपत, हे तुझ्यासाठी. दोन वर्षांत दगड चित्राचे जेमतेम अडीच ठिपके सरकले आहेत (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे वीस-बावीस मीटर), आणि आमचा हात अर्ध्यापाऊण ठिपक्याने इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे दीडशे वर्षंही लागतील किंवा तीनशेही. पंचवीस-तीस नक्की नाहीत. तू मला जे बोललास ते बरोबर बोललास. रात्रभर राग आला होता, सकाळी गेला.

---

मोहोपाडा
१८ एप्रिल १९८५

प्रिय चारू,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी सात तारखेच्या रविवारी वाचलं. आई, वहिनी आणि शकू, तिघींना पुढे बसवून. ठरल्याप्रमाणे मध्ये एक अक्षर घातलं नाही. 'मेला' हा शब्दही होता तसाच वाचला.

आई म्हणाली, "ते बोटांचं परत वाच." मी वाचलं. तिने चार बोटं जुळवून अंगणातल्या सारवणावर ठेवली. बोटं उचलली, त्यांच्यापुढे परत ठेवली. असं पाच-सहा वेळा केलं. मग म्हणाली, "म्हंजे त्याचा तिसरा दिस आजून उजाडायचाच हाय." मी म्हणालो, होय. तिने विचारलं, "आन् तो वर येईल तवा तेला वळखायला काठावर आपलं कोन असंल?" कुणी नसेल, म्हणालो.

मग ती रडली. चारू, माझा बाप गेला तेव्हाही तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. आळीतल्या बाया धावत आल्या, काय झालं, कोण गेलं म्हणून. ती म्हणाली, "माझा काळू गेला." कुणी तिला अठरा वर्षांची गोष्ट सांगितली नाही. आजच गेल्यासारख्या सगळ्या तिच्याजवळ बसल्या. ज्या गौराबाईने त्या दिवशी तोंड फिरवलं होतं, तिनेच रात्री भाकऱ्या आणून दिल्या. पुढच्या दिवसांत बौद्धाचार्यांना बोलावून पुण्यानुमोदनही करून घेतलं. आई स्वतः फुलं घेऊन पुढे बसली. भाऊ गेल्यावर जे करायचं ते सगळं आम्ही आत्ता केलं.

या सगळ्यात वहिनी कोरडी होती. चहा करत होती, भांडी घासत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती. मला वाटलं, हिचं रडणं केव्हाच संपलेलं असणार, आता हिला सुटल्यासारखं वाटत असेल. मी तिच्यासाठी खूशच होतो म्हण ना.

आईनेच सांगितलं म्हणून मी मजकूर छापायला दिला आणि काल विष्णूशेठकडून प्रूफ आलं. वहिनीला वाचता येत नाही, म्हणून शकूने मोठ्याने वाचलं. 'कालकथित काळूराम धर्मा ओव्हाळ यांची सुकन्या' एवढं वाचलं आणि वहिनीने पुढे होऊन त्या कागदावर पंजा ठेवला. शकूला वाचूच देईना.

"भावजी, आज नका छापू," म्हणाली.

मी म्हणालो, "वहिनी, तुम्हालाच तर हे हवं होतं. तीन महिने घरात तुम्ही हेच म्हणताय."

आई खाटेवरून म्हणाली, "छाप रं श्रीपत. पोरीचं लगीन थांबवू नको."

तशी वहिनी तिच्याकडे वळली. तीन महिन्यांत पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलली. "आत्या, तुमी नाय म्हनत व्हतात म्हनून मी मेला मेला म्हनत व्हते. तुमी हायेत तेला धरून, म्हनून मला म्हनता येत व्हतं. आता तुमीच सोडलंत तर तेला जिता म्हननारं ऱ्हायलं कोन?"

आणि मग तिला जे रडू फुटलं ते आवरेना. आई खाटेवरून उतरली, तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. समजूत घालायला गेली नाही. नुसतं "रड गं, माझे बाय" एवढं म्हणत राहिली. मी आणि शकू बाहेर अंगणात येऊन उभे राहिलो.

बऱ्याच वेळाने आईने मला आत बोलावलं. वहिनी तशीच तिच्या मांडीवर पडलेली होती. आईने प्रूफ माझ्या हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, जा, आता ती बी हो म्हनती. मी वहिनीकडे पाहिलं. तिने डोळे न उघडता मान हलवली.

मी तसाच छापखान्यात गेलो. शब्द तोच ठेवला आहे. पत्रिका शुक्रवारी मिळतील, पहिली तुला पाठवतो.

आईचा निरोप आहे. लग्नाला ये, आणि आमच्याकडेच उतर. ती म्हणाली, ओट्यावर नाही, आत.

तुझा,
श्रीपत